भाविकाचं कापड

मेघालीच्या नाकावर एकही काळा ठिपका नव्हता.

दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या हातात होतं, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पडवीत आलेलं सकाळचं ऊन सरळ तिच्या गालावर पडत होतं. नाकाचा शेंडा, नाकपुड्यांच्या बाजूच्या खाचा, हनुवटी, सगळं स्वच्छ. पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून गालाच्या हाडापर्यंत, चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये तेवीस छिद्रं काळी होती. मी दोनदा मोजली. कान पुढे दुमडून मागे पाहिलं. तिथे मोजण्यात अर्थ नव्हता; एकाला एक लागून होती.

"झाला का शोध?" डोळे मिटूनच मेघाली म्हणाली. "का अजून भोकं मोजायची हायत?"

"हलू नको."

"नाय हलत. लग्नाला वीस दिवस हायत. तवर होईल ना मोजून?"

आई समोर बोंबील साफ करत बसली होती. ती विळीवरून नजर न उचलता म्हणाली, "तिला पयल्यापासून तीच खोड. तांदूळ निवडायला दिले तर खडे मोजत बसायची. भात रायला बाजूला."

मेघाली हसली आणि माझ्या भिंगाखालची सगळी छिद्रं हलली.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कंपनीत केमिस्ट आहे. बोईसरला खोली घेऊन राहते आणि सुट्टीला सफाळ्यावरून एसटीने दातिवऱ्याला घरी येते. मेघाली माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. शिरगावच्या जितेशशी तिचं लग्न ठरल्यापासून तिने चेहऱ्यावर बरंच काही करून पाहिलं होतं: साखर आणि लिंबू, टूथपेस्ट, अंड्याचा पांढरा बलक लावून तो वाळल्यावर ओढून काढणं, रोज सकाळी वाफ.

"वाफेनं भोकं उघडतात ना?" तिने विचारलं.

"नाय. छिद्राला उघडायला आणि मिटायला स्नायूच नसतो. ती केसाची वाट हाय. आतून तेल बाहेर येतं त्या वाटेनं. वाफेनं आतलं तेल थोडं मऊ पडतं, एवढंच."

"मग जाहिरातीतल्या बाईची कशी जातात?"

"तिला आधीपासूनच नसतात."

हे सगळं मी सहज बोलत होते. तेल सगळ्यात जास्त नाकावर सुटतं, म्हणून साध्या प्रकारात पहिली काळी टोकं नाकावर येतात. मेघालीचं नाक स्वच्छ होतं, आणि गाल तेलकट नव्हते, उलट बोटाला कोरडे लागत होते. कोरडी त्वचा, बुजलेली छिद्रं, गालाचं हाड, कानामागचा भाग. असा चेहरा मी पूर्वी एकदा पाहिला होता.

कमलाकांत आमच्या कंपनीत फिल्टर प्रेसवर होता. पातळ माल त्या यंत्रातल्या जाड कापडांतून दाबून गाळायचा आणि कापडांवर बसलेला लगदा खरवडायचा, हे त्याचं काम. "मॅडम, बघा, तीळ पेरलेत माझ्या तोंडावर," असं तो म्हणायचा. कंपनीत आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी त्याला मुरुमांचा साबण दिला. मी त्या वेळी उत्सुकतेपोटी पुस्तकं उघडली होती. त्यात नाव सापडलं: क्लोरॲक्ने. क्लोरीन असलेले काही पदार्थ शरीरात गेले की तेलाच्या ग्रंथी सुकतात आणि छिद्रं आतून जाड होऊन बुजतात. ते साबणाने जात नाही. चेहऱ्यावर दिसतं ते नुसतं चिन्ह. पदार्थ अंगात शिरलेला असतो. मी ते पान वाचलं, पुस्तक जागेवर ठेवलं. पुढे कमलाकांतने नोकरी सोडली.

पण मेघालीने कंपनीचं फाटकही पाहिलेलं नव्हतं.

"पुरे आता," ती उठली. "खळ्यावर जवळा पसरायचा हाय. पुष्पलता काकी बोंबलेल."

मोरीत जाऊन तिने चेहरा धुतला. मग खुंटीवरचं एक पांढुरकं कापड घेतलं, चेहरा हळूच टिपला, तेच डोक्याला आणि गालांना गुंडाळून कानामागे गाठ मारली. फक्त डोळे आणि नाक उघडं राहिलं.

भिंग मी डबीत ठेवलं.

ते कापड मी आणलं होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. फिल्टर प्रेसची जुनी कापडं बदलली की ती धोकादायक कचरा म्हणून वेगळी पाठवावी लागत. एका वर्षी ढीग साचला होता. मॅनेजर म्हणाले, धुऊन घेतली तर साध्या भंगारात जातील का बघा. मी तीन वेळा गरम पाण्याने धुवायला लावली, शेवटच्या धुण्याच्या पाण्याची आम्लता तपासली. सात आली. पाणी पाण्यासारखं होतं. मी "धुऊन निर्धोक" असा दाखला लिहिला आणि सही केली. मग मॅनेजरांनाच म्हटलं, भंगारात जाणारच आहेत तर थोडी आमच्या गावाला द्या. आमच्याकडे खळ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळवतात. गोणपाटाचे धागे त्यात येतात, ताडपत्रीवर तो खालून घामेजतो. या कापडातून पाणी झिरपतं, वाळू येत नाही, आणि ते फाटत नाही.

टेम्पोभर कापडं गावात उतरली. पुढची चार वर्षं उतरत राहिली. बायकांनी मोठी खळ्यावर अंथरली. विरून मऊ झालेल्यांची डोक्याची फडकी केली, उशांचे अभ्रे केले, अंग पुसायला घेतली. गावात त्याला नावच पडलं, भाविकाचं कापड. "भाविकाचं हाय का एखादं जास्तीचं?" असं एकमेकींना विचारत. मला ते ऐकायला आवडायचं. गावातून विज्ञान शिकलेली मी पहिली मुलगी होते, आणि माझ्या शिक्षणाचा गावाला झालेला उपयोग मला डोळ्यांनी दिसत होता.

दिवाळीत मेघालीने फोनवर विचारलं होतं, तोंडावर काळं काळं येतंय, काय करू? मी सांगितलं होतं, दिवसातून तीन-चारदा पाण्याने धू, खरखरीत टॉवेलने घासू नको, मऊ कापडाने टिपून घे.

तिच्याकडचं सगळ्यात मऊ कापड तेच होतं.

त्या रात्री घरात निजानीज झाल्यावर मी मेघालीचं फडकं काढून पिशवीत भरलं आणि खुंटीला सुती पंचा लावला. कुणाला काही सांगितलं नाही.

तारापूरला परत गेल्यावर कापडाचा रुपयाएवढा तुकडा कापून हेक्झेनमध्ये, तेलकट पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात, चार तास ठेवला. रंगहीन द्रव फिकट पिवळा झाला. तो मिश्रणातले पदार्थ वेगळे करून आलेख काढणाऱ्या यंत्रात सोडला. कागदावर आमच्या मालाचा उंचवटा आला, आणि त्याच्या बरंच पुढे एक लहान, रुंद उंचवटा. तो कशाचा हे मला माहीत होतं. माल बनताना क्लोरीनचा एक नको असलेला पदार्थ थोडासा तयार होतो. पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कापडाच्या धाग्यात तो वर्षानुवर्षं बसून राहतो. सात वर्षांपूर्वी मी पाणी तपासलं होतं. पाण्यात तो येणारच नव्हता. आणि चेहऱ्यावर, कानामागे, उन्हात घामेजलेल्या कातडीवर तेल असतं.

कागदाची मी चार पदरी घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

कुणाला सांगायचं, हे मी रोज ठरवत होते. मॅनेजरांना सांगितलं तर ते आधी माझीच सही काढून दाखवतील. सरकारी कचेरीत कळवलं तर कंपनी बंद होईल की नाही ठाऊक नाही, माझी नोकरी नक्की जाईल. गावात सांगितलं तर आमच्या जवळ्याला बाजारात कुणी हात लावणार नाही. आणि शिरगावला कळलं तर? लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. ठरवल्यावर मला झोपही लागली. त्याचं आता जास्त वाईट वाटतं.

पुढच्या सुट्टीला मेघाली मला घेऊन सफाळ्याला जागृतीच्या पार्लरमध्ये गेली. जागृती तिची शाळेतली मैत्रीण. बोलायला फटकळ, हाताने स्वच्छ.

"ये नवरी," ती म्हणाली. "एवढी भोकं घेऊन जितेशकडं जाणार? तो चाळण समजून पीठ चाळायला घेईल."

"तुझी जीभ आधी चाळ."

वाफ दिली. मग जागृतीने टोकाला बारीक कडी असलेली स्टीलची सळई घेतली आणि गालाच्या हाडावर दाबली. साध्या छिद्रातलं असतं ते दाबल्यावर निघतं. हे निघालं नाही. तिने जोर केला. मेघालीने खुर्चीचा हात धरला.

मी दोन पावलांवर उभी होते. हे दाबून निघत नाही, आत फुटतं आणि खड्डा राहतो, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. थांब म्हणाले असते तर का, असं जागृतीने विचारलं असतं. मी भिंतीवरच्या दरांच्या पाटीकडे बघत राहिले.

पंधरा मिनिटांनी जागृतीच म्हणाली, "बाय, हे काय माझ्या हातचं नाय." कापसावर रक्त होतं. तिने पैसे घेतले नाहीत.

चार दिवसांत दोन्ही गाल सुजले. मी रजा घेतली आणि मेघालीला पालघरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी मी पाहिलं होतं त्याच क्रमाने पाहिलं: गाल, नाक, मग कान दुमडून मागे. नाकाशी ते थांबले.

"काम काय करता?"

"मासळी सुकवतो आमी."

"बोईसरला, कारखान्यात वगैरे?"

"मी नाय. ही ताई असते. पण ती लॅबमध्ये."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कामाचे कपडे घरी नेता? तिथली एखादी वस्तू, पिंप, कापड, काही घरात वापरात आहे?"

त्यांनी कापड हा शब्द उच्चारला. पर्स माझ्या मांडीवर होती.

"नाही," मी म्हणाले.

लिहिता लिहिता ते मेघालीला म्हणाले, "सूज आठवड्यात उतरेल. काळी टोकं लवकर जाणार नाहीत. कशामुळे होतंय ते सापडून थांबलं, तरी वर्ष-दोन वर्षं. थांबलं नाही तर वाढेल. रक्तही तपासावं लागेल, यकृत बघायला. आणि हात लावायचा नाही. कुणी दाबलं हे?"

बाहेर पडल्यावर मेघाली म्हणाली, "यकृत कशाला? भोकं तर तोंडावर हायत."

मी म्हणाले, असंच बघतात.

लग्नाला आठ दिवस असताना जितेशची आई, विजयाताई, शिरगावहून आल्या. चांगल्या बाई आहेत, आवाज न चढवणाऱ्या. चहा घेतला, आईच्या हातच्या बोंबलाच्या चटणीचं कौतुक केलं. मग मेघालीच्या गालांकडे पाहून म्हणाल्या, "हळद अशा कातडीवर झोंबंल गो पोरीला. आमच्या जितेशचं काय नाय, तो तर फोनवरच बोलतो, त्याला तोंड कुठं दिसतं. पण लोक इचारतात, लागट हाय का, दुसऱ्याला होतं का. तारीख जरा फुडं नेऊया का?"

"किती फुडं?" आईने विचारलं.

"बरं होईल तवर."

दोन वर्षं, असं मी मनात म्हटलं. विजयाताई गेल्यावर मेघाली मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा गालांवरच्या खपल्या निघाल्या होत्या.

"ताई, मी घाणेरडी हाय का?" ती म्हणाली. "दिवसाला सा वेळा धुते. अजून किती धुवू?"

बोलता बोलता ती गाल टिपत होती. तिच्या हातात माझा सुती पंचा नव्हता. पांढुरकं, विरलेलं, कडेला निळा धागा असलेलं कापड होतं.

"हे कुठून आणलंस?"

"काकीकडनं मागून घेतलं. माझं कुठं हरवलं काय म्हाईत. तुझा पंचा टोचतो."

मी हात पुढे केला. ते ओलं होतं. "हे वापरू नको," मी म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना."

"तूच बोललीस मऊ कापडानं टिप."

तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं, डोक्याला गुंडाळलं आणि खळ्यावर गेली. मी तिच्या मागून चालत गेले.

खळ्यावर दहा-बारा बायका होत्या. दुपार कलली होती आणि सुकलेला जवळा खराट्याने ओढून गोळा करायचं काम चाललं होतं. पायांखाली सगळीकडे माझी कापडं अंथरलेली होती. इतकी वर्षं मी खळ्यावर येऊन जवळा बघत असे. त्या दिवशी मी कान पाहिले. ठमी आजीच्या कानामागे काळी छिद्रं होती. तिच्या सुनेच्या होती. एकीने फडकं सैल केलं तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यापासून तीच चंद्रकोर दिसली. दहा चेहऱ्यांपैकी सहा. सगळ्यांची नाकं स्वच्छ. उन्हाने काळवंडल्या चेहऱ्यावर चार ठिपके कोण बघतं? मेघालीचं लग्न होतं, म्हणून तिचे दिसले.

आई खराटा टेकवून माझ्याकडे बघत होती. तिच्या कानांकडे मी पाहिलं नाही.

"आली का केमिस्टीन!" पुष्पलता काकी सावलीतून ओरडली. "ये, ये. तुझीच आठवण काढत होते. भाविका आमची पंचवीस वर्सं शिकली, लगीन राहिलं, पण कापड काय आणलंन!"

बायका हसल्या. काकी करंजाच्या झाडाखाली बसली होती. तिची मुलगी बाळंतपणाला आली होती; बाळ बारा दिवसांचं. ती मुलगी बाजूला बाजेवर होती, बाळ तिच्या कुशीत. काकीच्या मांडीवर झोळी होती. दोरी ओवायची बाजू तिने शिवून घेतली होती, आता दुसरं टोक शिवत होती.

"नवं कापड बाळाला लावू नये," ती म्हणाली. "घरातलं जुनं, अंगाखालून गेलेलं कापड लाभतं. माझ्याकडं सात वर्सांचं हाय, पयल्या टेम्पोतलं. बघ, हात लावून बघ. लोणी झालंय नुसतं. उबत नाय, घाम शोषून घेतं. मघाशी फडक्यानं तेल लावून चोळला त्याला, आता असाच उघडा घालते आत."

बाळाचं अंग तेलाने चमकत होतं.

तेल लावलेलं अंग, बारा दिवसांची कातडी, सात वर्षांचं कापड. माझ्या डोक्यात तीन आकडे मांडल्यासारखं ते स्पष्ट उभं राहिलं, आणि आज बोलायचं नाही याला मला एकही कारण सापडेना.

काकीने दात लावून दोरा तोडला. मेघालीने पुढे होऊन दोरीचं एक टोक करंजाच्या फांदीवरून टाकलं. "दे काकी, मी बांधते," ती म्हणाली. कापडातून तिचे फक्त डोळे आणि नाक दिसत होतं. काकीच्या मुलीने बाळ उचललं.

"थांब," मी म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता. पण मी खळ्यावर कधी आवाज काढत नसे, म्हणून असेल, खराटे थांबले.

"काय गो?" काकी म्हणाली. "मुहूर्त बघतेस काय?"

"बाळाला त्यात घालू नको, काकी. मेघाली, तोंडावरचं सोड. सगळ्याच सोडा." मी पायाखालचं कापड दाखवलं. "ह्या कापडात इख हाय. कंपनीतलं. धुतलं तरी जात नाय. तेल लागलं की अंगात उतरतं. मेघालीच्या तोंडावर आलंय ते ह्याच्यानं आलंय, आणि ठमी आजी, तुमच्या कानामागं हाय तेही."

मेघालीचा हात तिच्या गालाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तुला कवा कळलं?" आईने विचारलं.

"बारा दिवस झाले."

"आणि गप रायलीस?"

"हो. जागृती तिचे गाल फोडत होती तवाही गप रायले. डॉक्टरांनी इचारलं, तवा खोटं बोलले." मी मेघालीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. "कापडं जाळू नका, धूर त्याहून वाईट. एका जागी गोळा करून ठेवा. ह्याच्यावर सुकवलेला जवळा इकू नका, खाऊ पण नका. हे कापड चांगलं हाय असं लिहून सही करणारी मी होते. उद्या सकाळी मी पालघरला जाते. डॉक्टरांना सांगणार, आणि कारखान्यांच्या सरकारी कचेरीत लिहून देणार, माझ्या नावानं, की दाखला चुकीचा होता आणि तो मी दिला."